वारसा कोणाचा? : 'अल-मूमिया' चित्रपटातील साहस, वारसा आणि ओळख

प्रास्ताविक

प्राचीन इजिप्तची थडगी, त्यांतील सोने आणि त्या सोन्याच्या शोधात निघालेला धाडसी नायक हा विषय पाश्चात्य साहित्यात व चित्रपटात गेली दीडशे वर्षे सातत्याने हाताळला गेला आहे. हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन दूरचित्रवाणीवर येणाऱ्या अशा चित्रपटांमुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही तो परिचित आहे. मात्र ज्या देशात ही थडगी आहेत, त्या देशातील अरबीभाषक आणि बहुसंख्येने मुस्लिम असलेल्या समाजाने या विषयाकडे कसे पाहिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इजिप्तचे दिग्दर्शक शादी अब्दुस्सलाम (१९३०-१९८६) यांचा 'अल-मूमिया' (१९६९) हा चित्रपट म्हणजे या प्रश्नाला दिलेले एक अत्यंत गंभीर उत्तर होय. इंग्रजी जगात तो 'द नाइट ऑफ काउंटिंग द इयर्स' या नावाने ओळखला जातो.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव अशा दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. वारसा चोरांच्या व दलालांच्या हातून सोडवला म्हणजे तो आपोआप आपला होतो, असे नाही. तो वाचता यावा लागतो. आणि जो समाज पिढ्यान्‌पिढ्या त्या वारशाच्या कुशीत राहतो, त्याला या वाचनात वाटा मिळावा लागतो. यांपैकी पहिली गोष्ट 'अल-मूमिया' ठामपणे सांगतो. दुसरी गोष्ट तो जाणतो, परंतु तिच्या उंबरठ्यावरच थांबतो.

साहसपटातील वारसा

फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए यांची ममीवरील कादंबरी १८५८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे रायडर हॅगार्ड आणि आर्थर कॉनन डॉइल यांनी इंग्रजीत हा विषय लोकप्रिय केला. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामूनचे थडगे सापडले आणि त्यानंतर दहाच वर्षांत, १९३२ मध्ये, हॉलिवूडचा 'द ममी' पडद्यावर आला. १९९९ मध्ये त्याच नावाने निघालेल्या चित्रपटाने एका नव्या पिढीला हेच वेड लावले. या परंपरेत ममी हे बहुधा भयाचे आणि थडगे हे संपत्तीचे प्रतीक असते. आजूबाजूला राहणारा माणूस मजूर, वाटाड्या, चोर किंवा नुसती गर्दी म्हणून येतो.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) हा या परंपरेतील सर्वांत कुशल चित्रपट म्हणावा लागेल. कथा १९३६ मधील आहे. नायक पुरातत्त्वाचा प्राध्यापक आहे आणि वस्तू संग्रहालयात जावी असा त्याचा आग्रह असतो. शोध आहे तो बनी इस्राईलच्या पवित्र पेटीचा. या पेटीचा उल्लेख कुरआनात सूरह अल-बकरामध्ये आहे आणि मुस्लिम परंपरेत ती 'ताबूत-ए-सकीना' म्हणून ओळखली जाते. असे असूनही, चित्रपटातील कैरो शहरात या पेटीशी श्रद्धेचे स्वतःचे नाते सांगणारा एकही मुसलमान दिसत नाही. नायकाचा मित्र सल्लाह पेटीविषयी धाक व्यक्त करतो, पण तो धाक कोणत्या परंपरेतून आला हे प्रेक्षकाला कळत नाही. ही भूमिकाही एका ब्रिटिश नटाने केली आहे. शेवटी पेटी इजिप्तमध्ये राहत नाही, संग्रहालयातही पोहोचत नाही; अमेरिकन सरकारच्या एका अवाढव्य गोदामात ती खोक्यात बंद होते. हा शेवट उपरोधिक आहे, यात शंका नाही. परंतु त्या उपरोधात नायकाची निराशा आहे, इजिप्तची हानी नाही.

याच मालिकेतील १९८४ च्या 'टेम्पल ऑफ डूम'ची कथा भारतात घडते आणि त्यात अमरीश पुरी खलनायक आहेत. पटकथेवरील आक्षेपांमुळे भारतात चित्रीकरणाची परवानगी जमू शकली नाही आणि ते श्रीलंकेत करावे लागले. येथे नायक पवित्र शिळा गावाला परत आणून देतो, ही जमेची बाजू. मात्र गावकऱ्यांना स्वतःचा वारसा राखण्यासाठी बाहेरच्या तारणहाराची वाट पाहावी लागते. तात्पर्य, साहसपटात वारसा ही मिळवण्याची वस्तू असते. ती ज्यांच्यात आहे त्यांचे काय, हा प्रश्न कथेबाहेर राहतो.

१८८१ ची घटना

'अल-मूमिया'ची कथा एका सत्य घटनेवर उभी आहे. नाईल नदीच्या पश्चिम काठावर, प्राचीन थीब्ज म्हणजे आजच्या लक्सर शहरासमोर, कुर्ना हे गाव डोंगरउतारावर वसलेले होते. तेथील अब्दुर्रसूल कुटुंबाला १८७१ च्या सुमारास दैर अल-बहरी परिसरातील कड्यात एक गुप्त विवर सापडले. त्यात दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुतमोस यांसारख्या राजांच्या ममी होत्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, मूळ थडगी लुटली जात असल्याचे पाहून, पुरोहितांनी हे मृतदेह एकत्र आणले होते. त्यांना नव्याने कापडात गुंडाळून अनेकांवर त्यांची नावे लिहिली होती आणि मग ते येथे लपवले होते. म्हणजे राजांच्या थडग्यांची लूट ही एकोणिसाव्या शतकाची देणगी नव्हे. ती फार जुनी आहे.

अब्दुर्रसूल कुटुंबाने दहा वर्षे गरजेपुरती एकेक वस्तू बाजारात आणली. या वस्तूंवरून पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गास्ताँ मास्पेरो यांना संशय आला. १८८१ मध्ये दोघा भावांना अटक झाली आणि केना प्रांताच्या मुदीराच्या, म्हणजे प्रांताधिकाऱ्याच्या, आज्ञेवरून त्यांना मारहाण व छळ सोसावा लागला. तरीही त्यांनी तोंड उघडले नाही. पुढे कुटुंबात वाद होऊन थोरल्या भावाने, मुहम्मदने, गुपित सांगितले. त्याला बक्षीस मिळाले आणि रखवालदारांच्या प्रमुखाची नोकरीही मिळाली. ६ जुलै १८८१ रोजी एमिल ब्रुग्श हे जर्मन अधिकारी आणि अहमद कमाल हे इजिप्शियन विद्वान तेथे पोहोचले. सुमारे तीनशे मजुरांकडून दोन दिवसांत विवर रिकामे करण्यात आले. आगबोट नाईलमधून कैरोकडे निघाली, तेव्हा काठावरच्या गावांतील स्त्रियांनी मयतीत करावा तसा आक्रोश केल्याचे आणि पुरुषांनी बंदुकीचे बार काढल्याचे नमूद आहे. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, ब्रिटिशांनी इजिप्तवर लष्करी ताबा मिळवला.

चित्रपटाची मांडणी

शादी अब्दुस्सलाम यांनी या घटनेतील साहसाचा भाग जवळजवळ वगळला आहे. पाठलाग नाही, शाप नाही, जिवंत होणारी ममी नाही. चित्रपटाची सुरुवात कैरोमध्ये मास्पेरो यांच्यासमोर जमलेल्या विद्वानांच्या बैठकीने होते. उन्हाळ्यात डोंगरात कोणी अधिकारी येत नाही, म्हणून त्याच काळात थीब्जला जाण्याची जबाबदारी तरुण अहमद कमाल स्वीकारतो. लगेच दृश्य बदलते आणि होराबात या काल्पनिक टोळीच्या प्रमुखाची अंत्ययात्रा डोंगरावर दिसते. दफनानंतर काका मंडळी मृताच्या दोन मुलांना टोळीचे गुपित दाखवतात. ममीचे आवरण फोडून सोन्याचा अलंकार काढला जातो. आपले अन्न आजवर कोठून आले, हे मुलांना त्या क्षणी कळते.

थोरला भाऊ हा धंदा नाकारतो. आई त्याला नाकारते. तो गाव सोडून निघतो, तेव्हा काकांच्या माणसांकडून त्याचा खून होतो आणि प्रेत नाईलमध्ये टाकले जाते. धाकटा वनीस प्राचीन भग्नावशेषांमधून भटकत राहतो. एकीकडे दलाल मुराद त्याला मोह घालतो, दुसरीकडे कामाच्या शोधात आलेला एक परका तरुण त्याला कैरोच्या एफेंदींविषयी सांगतो. अखेर वनीस आगबोटीवर जाऊन अहमद कमालला गुपित सांगतो. रातोरात शवपेट्या बाहेर निघतात आणि पहाटे त्यांची मिरवणूक नदीकडे जाते. टोळीचे लोक डोंगरावरून पाहत राहतात. बोट निघून जाते आणि वनीस काठावर एकटा उरतो.

ही मांडणी संथ आहे. पात्रे थोडे बोलतात आणि लांब अंतरे चालतात. रूढ प्रेक्षकाला हा वेग जड वाटण्याची शक्यता आहे, पण त्यामागे कारण आहे. साहसपटात वस्तू हाती लागणे हा कळसाध्याय असतो. येथे वस्तू पहिल्या काही मिनिटांतच हाती लागते. उरलेला सर्व वेळ वनीसच्या एकाच प्रश्नात जातो : आपण कोण, आणि हे मृत आपले कोण?

नावाचा प्रश्न

चित्रपटाच्या आरंभी प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या ग्रंथातील वचन वाचले जाते. त्याचा आशय असा की, ज्याचे नाव हरवले तो आत्मा भटकत राहतो. हा धागा पुढे सर्वत्र आढळतो. काकांच्या मते हे मृत म्हणजे निव्वळ माती; त्यांना ना बाप, ना मुलगा. ज्यांचा वारसदारच कोणी नाही, त्यांचे सोने घेण्यात पाप कसले, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच टोळीत आई आपल्या जिवंत मुलाला परके करते. या थोरल्या भावाला चित्रपटात नावच नाही. तो केवळ 'भाऊ' आहे. नावाच्या पुनरुच्चारावर श्रद्धा असलेल्या संस्कृतीच्या अवशेषांमध्ये एक निनावी मुलगा नदीत टाकला जातो, हा दिग्दर्शकाने साधलेला सर्वांत तीव्र विरोध होय.

अहमद कमाल ती लिपी वाचू शकतो. वनीसला ती येत नाही. त्याने ती भिंतींवर लहानपणापासून पाहिली आहे, तिच्या सावलीत तो वाढला आहे. एकाकडे अक्षर आहे, दुसऱ्याकडे सहवास आहे. ऐतिहासिक अहमद कमाल (१८५१-१९२३) हे प्राचीन इजिप्तविद्येतील पहिल्या इजिप्शियन अभ्यासकांपैकी होत. प्राचीन इजिप्शियन भाषा व अरबी यांचे निकटचे नाते असल्याचे त्यांचे मत होते आणि त्यांनी त्या भाषेचा बहुखंडी कोश रचला. प्रत्यक्षात मोहिमेचे प्रमुख ब्रुग्श होते. चित्रपटाने ते स्थान कमाल यांना दिले. १९६७ च्या युद्धातील पराभवानंतर लगेच तयार झालेल्या या कलाकृतीत हा बदल समजण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांचे नाव आपणच वाचावे, ही त्या पिढीची गरज होती. तौफीक अल-हकीम यांची १९३३ ची कादंबरी 'आत्म्याचे पुनरागमन' आणि नजीब महफूज यांच्या फिरऔनकालीन आरंभीच्या कादंबऱ्या यांतूनही हीच गरज व्यक्त झाली होती.

इस्लामपूर्व वारसा आणि मुस्लिम परंपरा

फिरऔन हे तर जुलमाचे प्रतीक. मग त्याचा वारसा मुसलमानाने आपला का मानावा, असा प्रश्न वर्गात निघू शकतो. तो टाळण्याचे कारण नाही. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांना विरोध करणाऱ्या फिरऔनचे व्यक्तिनाम कुरआनात दिलेले नाही. त्यामुळे अमुक ममी म्हणजेच तो, असे विधान श्रद्धेचा भाग म्हणून करता येत नाही. याउलट सूरह यूनुसमध्ये त्याचा देह मागाहून येणाऱ्यांसाठी निशाणी म्हणून राखण्याचा उल्लेख आहे. निशाणी राखायची असते आणि वाचायची असते. ती फोडून विकायची नसते.

मध्ययुगीन मुस्लिम विद्वानांची भूमिकाही याच दिशेची दिसते. बगदादचे वैद्य अब्दुल्लतीफ अल-बगदादी (११६२-१२३१) यांनी सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये राहून पिरॅमिड, स्फिंक्स व ममी यांची बारकाईने वर्णने लिहिली. जुने अवशेष हे इतिहासाचे साक्षीदार असून ते धर्मग्रंथांतील वृत्तांतांनाही पुष्टी देतात, म्हणून ते जपले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. सुलतान सलाहुद्दीन यांच्या मुलाच्या कारकिर्दीत ११९६ मध्ये गीझाचा तिसरा पिरॅमिड पाडण्याचा जो निष्फळ प्रयत्न झाला, त्याची त्यांनी खेदाने नोंद केली. धनाच्या लोभाने थडगी उकरणाऱ्यांचाही त्यांनी निषेध केला आहे. पुढे इब्न खल्दून यांनी 'मुकद्दमा'मध्ये एक स्वतंत्र प्रकरण लिहून, गुप्तधन शोधणे हा उपजीविकेचा नैसर्गिक मार्ग नव्हे, असे प्रतिपादन केले. कष्टाने कमावण्याची ऐपत किंवा इच्छा नसली की माणूस या नादी लागतो, हे त्यांचे निरीक्षण होराबात टोळीलाही लागू पडते. दख्खनमधील पडक्या गढ्यांमध्ये गुप्तधनासाठी खोदणाऱ्यांनाही ते तितकेच लागू आहे.

तेव्हा वनीसचा निर्णय हा पाश्चात्य विद्येपुढे टाकलेली मान नव्हे. तो ज्या परंपरेत वाढला, तिच्यातच त्या निर्णयाला आधार आहे. चित्रपट हे उघडपणे सांगत नाही, पण दफनाच्या पहिल्या दृश्यापासून मृताचा मान राखण्याची जी वृत्ती दिसते ती याच परंपरेची आहे.

चित्रपटाची उणीव

इतके मान्य करूनही काही प्रश्न उरतात. पहिला प्रश्न इतिहासाचा. प्रत्यक्षात गुपित फुटले ते अटक, छळ, भाऊबंदकी आणि बक्षीस यांच्या दडपणाखाली. चित्रपटात ते एका तरुणाच्या सदसद्विवेकाने फुटते. त्यामुळे वनीसची व्यक्तिरेखा उंचावते, पण शासनाचा दंडुका अदृश्य होतो. गणवेशातील शिपाई पडद्यावर आहेत. त्यांनी कोणाला मारले, हे पडद्यावर नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. सर्व पात्रे प्रमाण, ग्रांथिक अरबीत बोलतात. डोंगरातला मेंढपाळ आणि कैरोचा एफेंदी यांची भाषा एकच. यामुळे संवादांना शोकनाट्याचे गांभीर्य लाभले, हे खरे. मात्र कुर्नाच्या माणसाची स्वतःची सईदी बोली ऐकूच येत नाही. बोली आणि प्रमाणभाषा यांच्यातील अंतर रोज अनुभवणाऱ्या सीमाभागातील शिक्षकाला ही उणीव चटकन जाणवेल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सोने विकू नये हे ठीक. पण गावाने जगायचे कशावर? काका हाच प्रश्न विचारतात आणि चित्रपट त्याला उत्तर देत नाही. वनीस किनाऱ्यावर एकटा उरतो, यात दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा आहे. बोटीत त्याला जागा नाही आणि डोंगरावर परत जाता येत नाही. त्याने नावे सोपवली, पण ती नावे त्याला कोणी वाचून दाखवली नाहीत.

या प्रश्नाला चित्रपटाबाहेरही दुःखद इतिहास आहे. १९४० च्या दशकात थडग्यांवरील वस्ती हलवण्यासाठी वास्तुरचनाकार हसन फथी यांच्याकडे नवे कुर्ना बांधण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांनी मातीच्या विटांची, घुमटांची सुंदर घरे उभारली. पण ग्रामस्थ जाण्यास राजी झाले नाहीत आणि प्रकल्प अर्धवट राहिला. या अनुभवावरील त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये, म्हणजे 'अल-मूमिया'च्याच वर्षी, कैरोत प्रसिद्ध झाले. एकाच गावाविषयीच्या या दोन कृती एकत्र अभ्यासण्याजोग्या आहेत : एकीत मृतांना हलवण्याची कथा आहे, दुसरीत जिवंतांना. २००६ च्या अखेरीपासून पुढील काही वर्षांत जुन्या कुर्नाची बहुतेक घरे शासनाने पाडली.

समारोप

हा प्रश्न नाईलच्या काठापुरता नाही. भारतात राष्ट्रीय संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीने ही तरतूद पक्की केली. विजापूर, बिदर व गुलबर्गा येथील आदिलशाही आणि बहमनी वास्तूंच्या सावलीत राहणाऱ्या कुटुंबांना घराची भिंत दुरुस्त करतानाही या नियमांचा विचार करावा लागतो. नियम आवश्यक आहेत. पण त्या कुटुंबातील मुलाला समोरच्या कमानीवरील फारसी लेख वाचता येत नसेल, तर त्या स्मारकाशी त्याचे नाते केवळ मनाईचे राहते आणि त्याची अवस्था वनीससारखी होते. शिक्षकाचे काम येथे सुरू होते. २००९ मध्ये 'अल-मूमिया'ची जीर्ण प्रत नव्याने सुधारून घेण्यात आली, त्यामुळे तो वर्गात दाखवणे आता शक्य आहे. त्याच्या जोडीला परिसरातील एखादा शिलालेख विद्यार्थ्यांकडून वाचून घेतला, तर चित्रपट अधिक कळेल. हैदराबादच्या राज्य वस्तुसंग्रहालयात आणि बडोद्याच्या संग्रहालयात संस्थानिकांच्या काळात आलेली एकेक इजिप्शियन ममी आहे. काचेच्या पेटीतील देह नुसता पाहून पुढे न जाता, हा कोणाचा, तो येथे कसा आला आणि मागे कोणते गाव राहिले, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावेत.

३ एप्रिल २०२१ रोजी कैरोमध्ये १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममींची मोठ्या थाटात मिरवणूक निघाली. १८८१ मध्ये त्या डोंगरातून बाहेर काढलेले दुसरा रामसेस आणि पहिला सेती हेही तिच्यात होते. त्यांना तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयातून फुस्तात येथील नव्या संग्रहालयात नेण्यात आले. फुस्तात ही इजिप्तची पहिली मुस्लिम राजधानी, हजरत अम्र बिन अल-आस (रजि.) यांनी ती वसवली. फिरऔनांना आज त्याच शहराच्या भूमीत मानाने ठेवले आहे आणि प्रत्येकाच्या देहाजवळ त्याचे नाव लिहिलेले आहे. वनीसच्या निर्णयाचे हे फळ म्हणता येईल. कुर्नाच्या ज्या डोंगरउतारावरून ते निघाले, तेथील बहुतेक घरांच्या जागी मात्र आता मोकळी जमीन आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वारशाच्या आहेत आणि त्या एकत्रच शिकवल्या गेल्या पाहिजेत.